‘घरी कोणती भाषा बोलता?’ या रकान्यात काय लिहायचं

मावशी, नमस्कार.

आम्ही गेल्या जूनमध्ये चिंचवडहून न्यू जर्सीत आलो, मिडलसेक्स काउंटीत. मुलगा पाच वर्षांचा. तिकडे इंग्लिश मीडियमला नर्सरी आणि ज्युनिअर केजी झालं होतं, त्यामुळे भाषेची काळजी नव्हती. इथे शाळेत नाव घालताना एक फॉर्म दिला : मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकलं, घरात कोणती बोलतात, तुम्ही मुलाशी कोणती बोलता. कॉम्प्लेक्समधल्या मैत्रिणींनी ग्रुपवर सांगितलं, ‘सगळीकडे इंग्लिश लिही, नाहीतर इएसएलला, म्हणजे इंग्रजी कमी येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या तासाला टाकतात आणि तो शिक्का मग जात नाही.’ मी तसंच लिहिलं.

आता शाळेतून बोलावणं आलं. टीचर म्हणतात, तो वर्गात जवळजवळ बोलतच नाही. दोन गोष्टी एकदम सांगितल्या की एकच करतो, नाहीतर नुसता उभा राहतो. चाइल्ड स्टडी टीमकडून, म्हणजे मुलाला विशेष शिक्षण लागतं का ते पाहणाऱ्या शाळेच्या गटाकडून, तपासणी करून घेऊ, असं त्यांनी सुचवलंय. त्या दिवसापासून नवऱ्याने घरात मराठी बंद केली. सासूबाई कराडहून आल्यात, मार्चपर्यंत आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, त्या आपल्या गप्प बसून असतात. परवा पाहिलं तर मुलगा त्यांच्या खोलीत दार लावून हळू आवाजात मराठी बोलत होता. मला रडूच आलं.

त्यात सेन्सस ब्यूरोचा लिफाफा आलाय. त्यातही घरातल्या भाषेचा प्रश्न आहे. नवरा म्हणतो, शाळेत इंग्लिश लिहिलंय तर इथेही तेच लिहू, उगाच तफावत नको. एच-वन व्हिसावर आहोत, मलाही भीती वाटते. काय करू?

— गोंधळलेली आई

*

अगं, रडून झालं असेल तर आधी लॅपटॉप उघड आणि शाळेला ईमेल लिही. चारच वाक्यं. ‘प्रवेशाच्या वेळी भाषेच्या फॉर्मवर आम्ही चुकीची माहिती दिली. मुलाची पहिली भाषा मराठी आहे आणि घरात आम्ही मराठी बोलतो. कृपया फॉर्म दुरुस्त करावा आणि त्याच्या इंग्रजीची चाचणी घ्यावी. चाइल्ड स्टडी टीमच्या बैठकीत ही माहिती समोर असावी.’ मुख्याध्यापकांना पाठव, वर्गशिक्षिकेला आणि शाळेच्या इएसएल शिक्षिकेला प्रत जाऊ दे. का चुकलं, कोणी सांगितलं, यातलं काही लिहायचं नाही. मी इथल्या शाळेत एकोणीस वर्षं इएसएल शिकवलं. सप्टेंबरात ‘इंग्लिश’ लिहून डिसेंबर-जानेवारीत ‘तमिळ’, ‘गुजराती’, ‘मराठी’ असं दुरुस्त झालेले फॉर्म माझ्या हातातून इतके गेलेत की मोजदाद नाही. कोणी रागावत नाही. शाळेला उलट सुटल्यासारखं होतं.

आता हे एवढ्या घाईने का, ते ऐक.

तो फॉर्म तुझ्या घराची चौकशी करायला नसतो. त्याच्यामागे एक खटला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत जवळपास अठराशे चिनी मुलं इंग्रजी न कळता वर्गात नुसती बसून होती. त्यांना वेगळी मदत काहीच मिळत नव्हती. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सगळ्यांना तेच पुस्तक आणि तीच शिक्षिका दिली म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शाळेने काहीतरी केलंच पाहिजे. हा ‘लाउ विरुद्ध निकोल्स’चा निकाल. आता शाळेला कळणार कसं की कोणाला भाषा कळत नाही? म्हणून हा फॉर्म. त्यावर ‘मराठी’ लिहिलं की मूल आपोआप इएसएलमध्ये जात नाही. त्याची चाचणी होते. चाचणीत इंग्रजी पुरेसं निघालं तर विषय तिथेच संपला. आमच्याकडे घरी तेलुगू बोलणारी आणि चाचणीत टकाटक उत्तरं देऊन दहा मिनिटांत वर्गात परतणारी कितीतरी मुलं यायची.

तू ‘इंग्लिश’ लिहिलंस तेव्हा चाचणीच रद्द झाली. मग शाळेपुढे काय उरलं बघ : कागदावर जन्मापासून इंग्रजी बोलणारा एक मुलगा आहे, आणि तो इंग्रजीत बोलत नाही, सांगितलेलं करत नाही. अशा मुलाबद्दल कुठलीही शहाणी शिक्षिका चाइल्ड स्टडी टीमचंच नाव घेईल. तिचं काही चुकलं नाही. विशेष शिक्षणाच्या संघीय कायद्यातच लिहिलंय की मुलाची अडचण मुख्यतः इंग्रजी कमी येण्यामुळे असेल तर त्याला अपंगत्व ठरवता येत नाही, आणि तपासणी शक्य असेल तिथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत झाली पाहिजे. ही दोन्ही संरक्षणं तुझ्या मुलाला आहेत. पण ती वापरायची असतात हे शाळेला कळायचं कसं? तुझ्या फॉर्मने ती वाट बुजवून टाकली. तुझ्या मैत्रिणींना एका शिक्क्याची भीती होती, आणि त्या भीतीने तू दुसऱ्या, त्याहून जड शिक्क्याच्या दारात जाऊन उभी राहिलीस.

तपासणीला नाही म्हण, असं मी सांगत नाहीये. लेखी विनंती झाली की न्यू जर्सीत 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते. तिथे जा, बस, ऐक. फक्त तुझ्या लेखी संमतीशिवाय तपासणी सुरू होत नाही, तेव्हा सही करताना दोन गोष्टी विचार : इंग्रजीची चाचणी आधी होणार ना, आणि तपासणी झालीच तर मराठी जाणणारा माणूस किंवा दुभाषी असणार ना. शाळा म्हणेल, मराठी दुभाषी कुठून आणायचा? फोनवर मिळतो. आम्ही वापरलाय.

आता चिंचवडच्या इंग्लिश मीडियमबद्दल. यात तुझी फसगत होणं साहजिक आहे. मुलाला एबीसीडी येते, रंग येतात, शंभरपर्यंत आकडे येतात, चार-पाच ऱ्हाइम्स हातवाऱ्यांसकट येतात, पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवतो. त्याला रबर माहीत आहे, इथे इरेझर म्हणतात. डस्टबिन माहीत आहे, इथे ट्रॅश. ‘मे आय गो टू टॉयलेट’ घोटून घेतलंय, इथे सगळे बाथरूम म्हणतात, तेही कोणी त्याला विचारत नाही, पास घेऊन जायचं असतं. ‘वॉटर’ त्याने ऐकलंय, बाई ‘वॉडर’ म्हणतात. आणि मग बाई एका दमात सांगतात, फोल्डर कबीत ठेवा, जॅकेट घ्या आणि रांगेत उभे राहा. कबी म्हणजे भिंतीतला तो छोटा कप्पा, हे त्याला कोणी सांगितलंय? तो फोल्डर हातात धरून उभा राहतो, कारण पहिल्याच शब्दाशी गाडी अडली. टीचरच्या वहीत नोंद होते : दोन टप्प्यांच्या सूचना पाळत नाही.

माझ्या वर्गात एक मराठी मुलगी होती, तुझ्या मुलापेक्षा थोडी मोठी. गालिच्यावर मांडी घालून बसली होती ती एकदम कळवळली आणि म्हणाली, ‘अँट्स केम टू माय लेग.’ वर्गात मदतीला असलेल्या बाईंनी घाईघाईने तिचा बूट काढला, मोजा काढला, उलटा करून झटकला, गालिचा उचलून पाहिला. मुंगी काही सापडेना. पोरगी आणखीच गोंधळली, कारण मुंग्या आल्यावर बूट काढून काय होणार? मी तिच्या पोटरीला चोळलं आणि त्या बाईंना सांगितलं, आमच्याकडे पायाला मुंग्या येतात, तुमच्याकडे पाय झोपतो. तापाचंही तेच. ‘मला ताप आला’ची सवय असलेलं मूल ‘फीवर केम टू मी’ म्हणतं. लाइट आपण बंद करतो म्हणून ते ‘क्लोज द लाइट’ म्हणतं. यात मेंदूचा दोष कुठेच नाही. उलट एक आख्खं व्याकरण डोक्यात नीट बसलेलं आहे आणि मूल त्याच्या आधाराने दुसरं बांधू पाहतंय, हे त्यावरून कळतं.

आणि गप्प बसणं? नवी भाषा कानावर पडायला लागली की पुष्कळ मुलं काही आठवडे, कधी काही महिने बोलतच नाहीत. ऐकतात, साठवतात. त्याला शाळा सुरू होऊन तीन-साडेतीन महिने झालेत, त्यातले सुट्ट्यांचे दिवस काढ. कॅनडातल्या जिम कमिन्स या अभ्यासकाने 1979 च्या सुमारास एक फरक दाखवून दिला, तो आम्ही इएसएलवाले उठता-बसता सांगतो : मैदानावर खेळण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकाची, गणिताच्या शाब्दिक उदाहरणांची, ‘कारण सांगा’ची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण वर्षभराने तुझा मुलगा फाडफाड बोलायला लागेल, तुम्ही म्हणाल झालं आता, आणि चौथीत गाडी अडकेल. तेव्हा पुन्हा मला पत्र लिहू नकोस, आजच हे लक्षात ठेव.

एक गोष्ट मात्र तुलाच पाहावी लागेल, कारण शाळेला ती दिसणार नाही. तो मराठीत कसा बोलतो? झालेला प्रसंग क्रमाने सांगतो का? ‘आजी, आधी तू पाणी आण आणि मग दिवा लाव’ असं सांगू शकतो का? ‘काल’ आणि ‘उद्या’ यांत घोळ नाही ना? तू दोन कामं मराठीत सांगितलीस तर दोन्ही करतो का? भाषेची खरी अडचण असेल तर ती एका भाषेत लपून दुसरीत दिसत नसते, दोन्हीकडे दिसते. मराठीत तो घडाघडा बोलत असेल, तर निम्मं उत्तर तुला मिळालं. मराठीतही अडखळत असेल, शब्द शोधत असेल, तर तपासणी मनापासून करून घे आणि अजिबात लांबवू नकोस. दार लावून आजीशी जे बोलतो ते ऐक. पण चोरून नको, आत जाऊन बस.

इएसएलच्या शिक्क्याचं थोडक्यात. दर वर्षी वसंतात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चारही अंगांची परीक्षा होते, तिचं नाव विडा अ‍ॅक्सेस. ठरलेली पातळी गाठली की मूल बाहेर. नको असेल तर कार्यक्रमातून मुलाला काढून घ्यायचा हक्कही आईबापांना आहे. फक्त वर्षाची ती परीक्षा तेव्हाही द्यावी लागते, हे तुझ्या ग्रुपवर कोणी सांगत नाही. प्रत्येक शाळेचं इएसएल चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी मुलाला अर्धा तास कोपऱ्यात नेऊन चित्रांची कार्डं दाखवतात आणि झालं. म्हणून विचार, की त्याला वर्गातून कोणत्या वेळी नेणार. गोष्ट वाचायच्या वेळी किंवा मैदानाच्या वेळी नेत असतील तर भांड. त्या दोन तासांत मूल सगळ्यात जास्त इंग्रजी शिकतं.

आता तुझा नवरा.

त्याला वाईट म्हणू नकोस. शाळेच्या त्या लहानशा खुर्चीवर बसून स्वतःच्या मुलाबद्दल ‘तपासणी’ हा शब्द ऐकलेला बाप आहे तो. काहीतरी केलं पाहिजे म्हणून जे हाताशी होतं ते त्याने केलं. पण ते उलटं आहे. तुमचं दोघांचं इंग्रजी ऑफिसचं आहे. मीटिंगमध्ये उत्तम चालतं. घरी मुलाशी बोलताना त्याचं काय होतं, एकदा लक्ष देऊन ऐक. ‘ईट फास्ट.’ ‘डोंट डू दॅट.’ ‘कम हिअर.’ ‘शूज वेअर कर.’ नुसते हुकूम. मराठीत हाच बाप म्हणेल, ‘अरे, लवकर जेव, नाहीतर बस जाईल आणि मग मला सोडायला यावं लागेल आणि माझा कॉल चुकेल.’ त्यात ‘नाहीतर’ आहे, ‘मग’ आहे, कारण आहे, परिणाम आहे, थोडी धमकीही आहे. मुलाचा विचार या सांध्यांवर वाढतो. एका भाषेत ते पक्के झाले की दुसऱ्या भाषेला तयार पाया मिळतो. इंग्रजीचा एक शब्दही मराठीमुळे कमी होत नाही. तुम्ही मराठी काढून घेतलीत आणि त्या जागी तुटकं इंग्रजी ठेवलंत, म्हणून तो पोरगा आता शाळेतही गप्प आणि घरीही.

नवरा कदाचित असंही म्हणत असेल की आता इंग्रजी या देशाची अधिकृत भाषा झाली. झाली, 1 मार्च 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने. तो आदेश संघीय सरकारी खात्यांच्या कारभारापुरता आहे. 1974 चा तो निकाल जागेवर आहे, त्याच वर्षीचा समान शिक्षणसंधीचा कायदा जागेवर आहे, आणि न्यू जर्सीचा स्वतःचा द्विभाषिक शिक्षणाचा कायदाही आहे. तुमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी कोणती भाषा बोलावी, याबद्दल कोणीही काही म्हटलेलं नाही.

सासूबाईंकडे येते. किंडरगार्टनमध्ये पोरांकडून काय करून घेतात माहीत आहे? ऐकलेली गोष्ट क्रमाने परत सांगायला लावतात : आधी काय झालं, मग काय, शेवटी काय. आता चिमणी-कावळ्याची गोष्ट आठव. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार ठोठावतो, आणि चिमणी काही दार उघडत नाही. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला अंगडं घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. एकामागून एक, तोच प्रश्न, दर वेळी नवं उत्तर, आणि क्रम चुकला तर पोरगं लगेच म्हणतं, ‘नाही आजी, आधी अंघोळ!’ दोन टप्प्यांच्या सूचनेचं काय घेऊन बसलीस, ही तर सात-आठ टप्प्यांची आहे. इथल्या पुस्तकांच्या दुकानात क्रम शिकवायचे चित्रांचे संच मिळतात, बरेच डॉलर पडतात. तुझ्याकडे तेच शिकवणारं माणूस सहा महिन्यांसाठी कराडहून आलंय आणि तुम्ही त्याला गप्प बसवलंय. आज संध्याकाळी नवऱ्यानेच आईला सांगावं, ‘आई, याला गोष्ट सांग.’ तू सांगून भागणार नाही. बंदी त्याने घातली, उठवायचीही त्यानेच.

मग इंग्रजीचं काय, असं विचारशील. शाळा रोज सहा-साडेसहा तास देतेच आहे. लायब्ररीत शनिवारी गोष्टींचा तास असेल तर ने. वर्गातल्या एका मुलाला घरी खेळायला बोलव, एकालाच, चौघांना नको. आणि शाळेतल्या वस्तूंची नावं त्याला मराठीतून समजावून सांग : कबी म्हणजे काय, लाइन अप म्हणजे काय, रिसेस म्हणजे मधली सुट्टी. याला अर्धा तास पुरेल.

राहिला लिफाफा. त्यावर उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे असं छापलेलं आहे ना? मग तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. दहा वर्षांनी होणारी जनगणना वेगळी, हा सर्व्हे दर वर्षी साधारण 35 लाख पत्त्यांवर जातो. त्यात भाषेचे तीन प्रश्न एकाखाली एक असतात : ही व्यक्ती घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलते का, कोणती, आणि इंग्रजी कितपत बोलते. शेवटच्याला चार पर्याय : व्हेरी वेल, वेल, नॉट वेल, नॉट अ‍ॅट ऑल. पाच वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी, म्हणजे तुझा मुलगा आता त्यात आला. पाहुणे दोन महिन्यांहून जास्त राहणार असतील तर तेही धरायचे, म्हणजे सासूबाईसुद्धा.

आधी भीतीचं. शाळेचा फॉर्म आणि हा सर्व्हे कोणी शेजारी ठेवून ताडून पाहत नाही. सेन्सस ब्यूरोला एका घराची माहिती दुसऱ्या कुठल्याही खात्याला द्यायची कायद्याने मनाई आहे. फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. आणि घरी मराठी बोलणं हा व्हिसाचा मुद्दाच नाही. तफावत नको म्हणून दुसऱ्या कागदावरही खोटं लिहिणं म्हणजे गळका नळ दुरुस्त न करता खाली दुसरी बादली ठेवणं.

आता भरायचं कसं, ते आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. भाषेच्या रकान्यात आमच्या ओळखीचे भलेभले ‘इंडियन’ लिहितात, किंवा यांना मराठी काय कळणार म्हणून ‘हिंदी’ लिहून मोकळे होतात. ‘मराठी’ लिही, स्पष्ट अक्षरात. आधीच आपली अवस्था अशी की 2016 पासून या सर्व्हेच्या नेहमीच्या तक्त्यांत गुजराती, हिंदी, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना आपापली ओळ आहे, आणि आपण ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एका मोटेत. गर्दीच्या गाडीत तिघांच्या सीटवर चौथा बसतो तसे. त्यातून ‘हिंदी’ लिहिलंस तर तीही जागा गेली.

दुसरी खोड आपल्या विनयाची. कोणी विचारलं, इंग्रजी कसं आहे? ‘बरं आहे, चालतं.’ आणि हात आपोआप ‘वेल’कडे जातो. पण हिशेब करणारे ‘व्हेरी वेल’च्या खालचे सगळे एका टोपलीत टाकतात : इंग्रजी मर्यादित. रोज अमेरिकन क्लायंटशी भांडणाऱ्या माझ्या भाच्याने ‘वेल’वर खूण केली आणि तो त्या टोपलीत जाऊन बसला. तू दिवसभर कॉलवर असशील तर ‘व्हेरी वेल’ कर, उगाच संकोच नको. सासूबाईंना ‘नॉट अ‍ॅट ऑल’ कर, तिथे अब्रूचा प्रश्न नाही. मुलाचं आज जे आहे ते लिही, ‘नॉट वेल’. या खुणांचा उपयोग होतो. मतपत्रिका किंवा सरकारी पत्रकं कोणत्या भाषेत छापायची हे अशाच आकड्यांवरून ठरतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत मतपत्रिका मिळते ती यामुळेच. 2020 च्या जनगणनेत इंग्रजीखेरीज 59 भाषांत मार्गदर्शिका काढल्या होत्या, त्यांत मराठी होती. ती कोणा तरी आजी-आजोबांच्या खऱ्या ‘नॉट वेल’मुळे आली.

आणखी एक फरक आहे, तो मला इथे येऊन कित्येक वर्षांनी लक्षात आला. भारतात जनगणनेला आलेले मास्तर मातृभाषा विचारतात, लहानपणी आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची ते. ती एकदा ठरली की ठरली, मग तुम्ही आयुष्यभर काहीही बोला. (तरीही 2011 मध्ये देशभर अडीच लाखांवर लोकांनी मातृभाषा इंग्रजी सांगितली, त्यांतले एक लाखावर आपल्या महाराष्ट्रात. असो.) अमेरिका आई विचारत नाही. घरात आज काय बोलता, एवढंच विचारते. तुझ्या नवऱ्याची बंदी टिकली तर पुढच्या खेपेला तो ‘नाही’वर खूण करेल आणि ते खरंच असेल.

शनिवार-रविवारच्या मराठी शाळेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. या वर्षी नको. पोराला आधी एका शाळेत तोंड उघडू दे. दुसरी-तिसरीत गेला की घाल. इथे हायस्कूल संपताना दोन भाषा वाचता-लिहिता येणाऱ्यांना डिप्लोमावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ मिळतं, कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये सुरू केलं, आता न्यू जर्सीतही आहे, आणि मराठीची परीक्षा देऊन ते मिळवणारी मुलं आहेत. पण ते फार पुढचं.

बैठकीची तारीख आली की पाहा, मार्चच्या आतली असेल. असेल तर सासूबाईंनाही सोबत घेऊन जा आणि दुभाषी त्यांच्यासाठी माग. टीचर विचारतील, हा सलग पाच वाक्यं कधी बोलतो का? त्या खोलीत त्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे असेल.

— मावशी